लॉगर बोलतो, रेडिओ बोलतो, पण एकमेकांशी बोलत नाहीत – सिरीयल पोर्टवाल्यांनो, मदत करा

कोयनाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी निवृत्त, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलं. शिवसागर जलाशयाच्या पलीकडच्या डोंगरावर एक पर्जन्यमापक बसवायचा घाट घातलाय. टिपिंग बकेट, म्हणजे भरली की कलंडणारी छोटी बादली, एका टिपेला ०.२ मिमी. एका संशोधकाचा प्रकल्प संपला तेव्हा त्यांचा जुना सीआर १००० डेटालॉगर (मोजमापं नोंदवून ठेवणारं यंत्र) आमच्याकडे आला. वर मोबाइलला रेंज नाही, म्हणून ८६६ मेगाहर्ट्झच्या रेडिओ मोडेमची जोडी घेतली. एक डोंगरावर, एक अलीकडच्या काठावर माझ्या घरी, मध्ये हवाई अंतर साधारण ५ किलोमीटर. घरचा रेडिओ जुन्या लॅपटॉपला, त्यावर लॉगरनेट, म्हणजे लॉगरशी बोलायचं सॉफ्टवेअर.

आत्ता सगळं टेबलावरच आहे. परिस्थिती अशी:

लॅपटॉप सरळ केबलने लॉगरला जोडला की लॉगर बोलतो. त्याचं घड्याळ दिसतं, नोंदींचं टेबल उतरतं. लॅपटॉप त्याच केबलने रेडिओला जोडला की रेडिओची सेटिंग उघडतात. दोन लॅपटॉप आणि दोन रेडिओ घेऊन टर्मिनलवर टाइप केलं की इकडचं तिकडे उमटतं. म्हणजे तिघंही धडधाकट. पण लॉगर आणि रेडिओ एकमेकांना जोडले की चिडीचूप.

दोघांनाही ९ पिनांचं फीमेल सॉकेट आहे. कॉलेजची दोन पोरं मदतीला आहेत, त्यांनी नल मोडेम केबल आणली, तिच्या टोकाला मेल-मेल जोडतुकडा लावला. काही नाही. लॉगर जळलाय का, एवढंच सांगा. पावसाला पाच आठवडे उरलेत, आणि डोंगरावर एक खेप म्हणजे लाँच, मग दीड तासाची चढण.

सोल्डरगन

काका, जळलेला लॉगर लॅपटॉपशी गप्पा मारत नाही. निर्धास्त राहा.

दोघं फीमेल म्हणजे बहुतेक दोघंही डीसीई आहेत. आरएस-२३२, म्हणजे या सिरीयल पोर्टचं मानक, आलं १९६० मध्ये, टेलिप्रिंटर आणि मोडेम जोडायला. त्या काळी एक बाजू 'टर्मिनल', दुसरी 'मोडेम', असंच नातं होतं. टर्मिनल म्हणजे डीटीई, मोडेम म्हणजे डीसीई. ९ पिनांच्या पोर्टवर डीटीई पिन ३ वर बोलतो आणि पिन २ वर ऐकतो. डीसीई उलटा, २ वर बोलतो, ३ वर ऐकतो. म्हणून डीटीई-डीसीई जोडीला सरळ केबल लागते, २ ला २ आणि ३ ला ३. तुमचा लॅपटॉप डीटीई, म्हणून तो दोघांशीही सरळ केबलने बोलला.

लॉगर आणि रेडिओ दोघंही डीसीई. सरळ जोडले तर दोघांची तोंडं एका तारेवर आणि दोघांचे कान दुसऱ्या तारेवर. दोन व्याही एकाच वेळी बोलतायत आणि ऐकायला कुणी नाही, असं. इथे फुली मारलेली केबल हवी: २ ला ३, ३ ला २, ५ ला ५. हीच नल मोडेम.

तुम्ही म्हणताय ती लावलीत. मग मोजून बघा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर, काळी काडी पिन ५ वर (ती ग्राउंड), लाल आधी २ वर मग ३ वर. जिथे उणे ५ ते उणे १० च्या आसपास दिसेल ती त्या यंत्राची बोलायची पिन. आरएस-२३२ ची टीएक्स, म्हणजे बोलायची पिन, गप्प असताना ऋण असते. दुसरीवर शून्याच्या आसपास.

अभ्यासू_कार्टी

खूप छान माहिती. वाचनखूण साठवली.

निव्वळ_वाचक

ब्लूटूथचा डोंगल लावा की राव, २०-२५ वर्षांपूर्वीच्या पोर्टात कशाला अडकलात.

सोल्डरगन

@निव्वळ_वाचक, ५ किलोमीटर ब्लूटूथ. बरं.

कोयनाकाठ

मोजलं. रेडिओ: पिन २ वर उणे ५.६, पिन ३ वर ०. तुम्ही म्हणता तसा डीसीई.

लॉगर: पिन २ वर ०, पिन ३ वर ०. दोन्हीकडे ठणठणाट! मी म्हटलं नव्हतं?

बारा_व्होल्ट

काका, घाबरू नका, झोपलाय तो. हे लॉगर बॅटरीवर महिनोन्महिने जगावेत म्हणून बनवलेले असतात, त्यामुळे काही हालचाल नसली की आरएस-२३२ पोर्टची वीज काढून घेतात. सेटिंगमध्ये पोर्ट कायम जागा ठेवायची सोय आहे. ती चालू करा आणि परत मोजा.

त्याच पानावर दुसरी गोष्ट करा. पोर्टचा बॉड रेट, म्हणजे बोलायचा वेग, 'ऑटो' असेल, तो ठोक ९६०० करा. ऑटोमध्ये समोरून आलेल्या अक्षरांवरून लॉगर वेग ओळखतो. लॅपटॉपला ते सोयीचं. रेडिओतून एखादं कचरा-अक्षर आलं तर तो भलताच वेग पकडून बसतो आणि मग तुमच्या हाका त्याला कळतच नाहीत. रेडिओ जोडायचा पोर्ट नेहमी ठरलेल्या वेगावर. रेडिओच्या पोर्टलाही तोच, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप.

कोयनाकाठ

ताई, तुमच्या तोंडात साखर. जागा ठेवल्यावर लॉगरच्या पिन २ वर उणे ५.८. म्हणजे दोघंही २ वर बोलतात, सोल्डरगन यांचं निदान बरोबर. बॉड ९६०० केला.

पण जोडणी अजूनही मुकी. नल मोडेम केबल मल्टिमीटरचा बझर लावून तपासली. २-३, ३-२, ५-५, अगदी चोख. माझ्या हाताने तपासलीय, पोरांच्या नाही.

पाणीमोजणी

लॉगरला शेजारी अजून एक ९ पिनांचा पोर्ट असेल, सीएस आय/ओ लिहिलेला. तिथे लावून बघितलं का?

सोल्डरगन

नाही नाही नाही. काका, तिकडे हात लावू नका!

तो पोर्ट दिसायला जुळा भाऊ, पण आरएस-२३२ नाही. त्यावर ० ते ५ व्होल्टचे संकेत चालतात, पिन १ वर ५ व्होल्ट आणि पिन ८ वर १२ व्होल्ट बाहेर येतात, समोरच्या उपकरणाला वीज पुरवायला. त्याच कंपनीचे रेडिओ त्यात बसतात, वीजही तिथूनच घेतात, आणि एकाच पोर्टवर अनेक उपकरणं राहावीत म्हणून त्यांना ७, ८, १०, ११ असे पत्ते असतात. उत्तम व्यवस्था आहे, पण घरातल्या घरात. बाहेरच्या रेडिओची आरएस-२३२ बाजू तिथे खुपसली तर त्याच्या सीटीएसच्या ('पाठवायला मोकळं' सांगणाऱ्या) पिनेवर १२ व्होल्ट जाऊन बसतील. ९ पिनांचा आकार सारखा म्हणजे आतली भाषा सारखी असं समजून मी माझ्या उमेदवारीत एक लॅपटॉप घालवलाय. साहेबांचा.

पाणीमोजणी

हो का. शब्द मागे. मी त्या जातीचा लॉगर फक्त फोटोत पाहिलाय.

दूरदेशी

नमस्कार, कॅनडातल्या अल्बर्टातून. तेलविहिरींच्या स्काडावर (दुरून देखरेख-नियंत्रण) १४ वर्षं आहे, दिवसभर हेच करतो, फक्त उणे ३० मध्ये.

काका, केबल तपासलीत, पण *साखळी* तपासलीत का? तुमच्या पहिल्या पोस्टीत एक 'मेल-मेल जोडतुकडा' आहे. तो काढून नाही, तो लावलेला असताना बझर लावा. लॉगरकडच्या टोकापासून थेट रेडिओकडच्या टोकापर्यंत.

या तुकड्यांच्या दोन जाती असतात आणि बाहेरून एकसारख्या दिसतात. एक नुसता जेंडर चेंजर, आत सरळ. दुसरा नल मोडेम ॲडाप्टर, आत फुली.

कोयनाकाठ

धन्य आहे.

तुकडा लावून तपासलं: २-२, ३-३. त्या तुकड्यावर भिंगातून बघितलं तर झिजलेल्या अक्षरांत 'नल' लिहिलंय. केबलने उलटं केलेलं तुकडा परत सुलटं करत होता. उणे गुणिले उणे बरोबर अधिक, हे मी तीस वर्षं पोरांना घोकायला लावलं आणि टेबलावर ओळखलं नाही.

साधा जेंडर चेंजर लावला. लॉगरनेटने रेडिओमधून घड्याळ वाचलं. घरात पेढे वाटले, हिने विचारलं काय झालं, सांगितलं पिन २ ला पिन ३ लागली. तिने पेढा परत ठेवला.

अभ्यासू_कार्टी

😂 पिन २ ला पिन ३ लागली.

मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे सगळं ३.३ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरवर चालतं. त्याच्या टीएक्स-आरएक्स सरळ अशा रेडिओला जोडल्या तर?

सोल्डरगन

तर तुझा मायक्रोकंट्रोलर आणि माझा जुना लॅपटॉप एकाच ठिकाणी भेटतील. त्याच्या पिनेला ० ते ३.३ व्होल्ट कळतात, आरएस-२३२ वर उणे ते अधिक १५ पर्यंत येऊ शकतात. शिवाय संकेत उलटे असतात: तुझ्याकडे १ म्हणजे ३.३ व्होल्ट, तिकडे १ म्हणजे ऋण. मध्ये मॅक्स-३२३२ जातीची लेव्हल बदलणारी चिप लागते. पाकिटाला पाच पैसे जास्त पडले तरी चालतील, ती टाळू नको.

दूरदेशी

काका, डोंगरावर जायच्या आधी आणखी एक चाचणी, लूपबॅक, करून ठेवा, पुढे खेपा वाचतील. दूरच्या रेडिओच्या पोर्टमध्ये लॉगर न लावता पिन २ आणि ३ एका वायरने जोडा. घरच्या लॅपटॉपवर टर्मिनल उघडून सावकाश टाइप करा. अक्षर हवेतून जाऊन वायरीत वळून परत आलं तर लॅपटॉप, यूएसबी कनव्हर्टर, घरची केबल, दोन्ही रेडिओ आणि अँटेना एका झटक्यात निर्दोष सुटले. मग आरोपी फक्त लॉगर आणि त्याची केबल.

एकच पथ्य. टर्मिनलमधला 'लोकल एको' बंद असला पाहिजे. तो चालू असेल तर तुमचंच टाइप केलेलं तुम्हाला दिसतं, रेडिओ बंद असला तरी. आमच्याकडे एका नव्या पोराने अर्धा दिवस 'सिग्नल मस्त येतोय' म्हणून कळवलं होतं. अँटेना पिकअपमध्येच होती.

कोयनाकाठ

आमच्याकडेही चालू होता. पोरांची नावं सांगत नाही.

पाणीमोजणी

धागा चाललाच आहे तर माझंही रडगाणं ऐका. कालव्यावर पाण्याची पातळी मोजणारे पाच सेन्सर, सगळे आरएस-४८५ वर (एकाच तारजोडीवर अनेक उपकरणं), त्यांची भाषा मॉडबस आरटीयू, शेवटी एक रेडिओ, तो ३ किलोमीटरवरच्या ऑफिसातल्या संगणकाला. केबलवर थेट लॅपटॉप लावला की दोन सेन्सर दिसतात, तीन नाहीत. रेडिओतून एकही धड नाही, मध्येच सीआरसीची, म्हणजे निरोपाच्या तपासणीची, चूक.

बारा_व्होल्ट

ही दोन वेगळी दुखणी वाटतायत. आधी तारेचं. दिसत नाहीत त्या तीन सेन्सरच्या ए-बी तारा अदलाबदल करून बघा. ए कोण आणि बी कोण यावर उत्पादकांचं एकमत नाही. एकाचा ए तो दुसऱ्याचा बी. उलटं जोडल्याने काही जळत नाही, फक्त तो सेन्सर मुका राहतो. डब्यावरच्या अक्षरांवर भिस्त ठेवू नका. एक-एक सेन्सर सुटा जोडून बोलतो का बघा.

आणि १२० ओहमचे टर्मिनेटर, ते ओळीच्या टोकाचे रेझिस्टर, कुठे कुठे लावलेत?

पाणीमोजणी

प्रत्येक डब्यात. सेन्सरबरोबर पाकिटात आले होते, लावले.

बारा_व्होल्ट

पाच डबे, पाच रेझिस्टर, समांतर २४ ओहम. बिचारा ड्रायव्हर गळपटतो. टर्मिनेटर फक्त ओळीच्या दोन टोकांना, म्हणजे ६० ओहम. मधले तीन काढा. आणि ओळ म्हणजे ओळच हवी, एका डब्यातून दुसऱ्यात. मध्यावरून चांदणीसारख्या फांद्या काढल्या असतील तर त्या टोकांवरून संकेत आपटून परत येतो.

दूरदेशी

रेडिओवरची सीआरसी मी सांगतो, हे माझं रोजचं दुखणं आहे.

मॉडबस आरटीयूमध्ये निरोप संपला हे सांगणारं खास अक्षर नाही. साडेतीन अक्षरांइतकी शांतता झाली की निरोप संपला, असा संकेत. ९६०० ला एका अक्षराची ११ बिट धरली तर ही शांतता साधारण ४ मिलिसेकंद. तारेवर ठीक. आता रेडिओ काय करतो? तो आलेले बाइट गोळा करून पुडके बांधतो आणि पाठवतो. पुडकं लहान ठेवलेलं असेल तर तुमचा एक निरोप दोन पुडक्यांत जातो आणि समोरच्या टोकाला दोन तुकड्यांच्या मध्ये २०-३० मिलिसेकंदांची फट पडते. ऐकणारा म्हणतो निरोप संपला, सीआरसी तपासतो, अर्थातच चुकते. हवेत एक बिटही बिघडलेलं नसतं!

उपाय: रेडिओच्या सेटिंगमध्ये पुडक्याचा आकार तुमच्या सर्वांत मोठ्या निरोपापेक्षा मोठा करा. मॉडबस आरटीयूचा निरोप जास्तीत जास्त २५६ बाइट असतो. आणि संगणकावर उत्तराची वाट बघायचा वेळ वाढवा, तारेला ठेवता तेवढा पुरत नाही. काही रेडिओंमध्ये खास मॉडबसची पद्धत असते, असेल तर ती लावा.

पाणीमोजणी

मधले टर्मिनेटर काढले, दोन सेन्सरच्या तारा उलटवल्या: पाचही दिसतात. रेडिओचं पुडकं ६४ बाइटवर होतं, वाढवलं. गेल्या तासात एकही सीआरसी चूक नाही. चार महिने मी अँटेनाला शिव्या देत होतो.

निव्वळ_वाचक

माझा चुलतभाऊ न्यू जर्सीहून येतोय. तिकडे ९०० मेगाहर्ट्झचे १ वॅटचे रेडिओ मस्त मिळतात म्हणे, लांब पल्ल्याचे. मागवू का? शेतावर हवामान केंद्र करायचंय.

सोल्डरगन

नको. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ विनापरवाना मोकळं आहे, आपल्याकडे नाही. आपल्याकडे त्यातल्या ९१५ पर्यंतच्या भागात मोबाइलचे हँडसेट टॉवरशी बोलतात. तुमचा रेडिओ तिथे ओरडला तर मोबाइल कंपनीचे लोक दिशादर्शक अँटेना घेऊन शेतावर येतील, ते हवामान बघायला नाही. भारतात या कामाला विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६७, तो २००५ च्या नियमांनी खुला झाला, पुढे ८६८ पर्यंत वाढवला. १ वॅटपर्यंत ट्रान्समीटर चालतो. २.४ गिगाहर्ट्झही मोकळा आहे, पण तो झाडाझुडपांत मरतो.

कोयनाकाठ

मंडळी, डोंगरावर जाऊन आलो. अर्धी बातमी चांगली.

मास्ट उभा केला, अँटेना रोखली. खालून लूपबॅक परत आला, अगदी दूरदेशी यांनी सांगितल्याप्रमाणे. लॉगर जोडला, घरून घड्याळ वाचलं जातं, बॅटरीचा व्होल्टेज दिसतो. पण टेबल उतरवायला गेलं की थोडं येतं आणि तुटतं. परत सुरू, परत तुटतं. टेबलावर असताना हे होत नव्हतं. पाण्यावरून येणाऱ्या परावर्तित लहरींचा त्रास असेल का? जलाशयाची पातळी सध्या बरीच खाली आहे.

दूरदेशी

पाण्याचं परावर्तन खरं आहे, पण त्याने घड्याळही अधूनमधून तुटलं असतं. लहान निरोप जातो आणि मोठा तुटतो, तेव्हा आधी पोर्टचा हिशेब बघायचा. टेबलावर होतं आणि डोंगरावर आहे, यात रेडिओच्या सेटिंगमध्ये काय बदललंत?

कोयनाकाठ

पल्ला वाढावा म्हणून हवेतला वेग १९,२०० वरून २,४०० केला. पुस्तिकेत लिहिलंय की वेग कमी तर ग्रहणक्षमता जास्त. ते बरोबर ना?

दूरदेशी

बरोबर, अगदी बरोबर. आणि तिथेच तुमचा हौद वाहतोय.

शाळेतलं गणित आठवा, हौदाला दोन नळ. लॉगर रेडिओच्या पोर्टमध्ये ९६०० ने ओततो. एका बाइटला १० बिट, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. रेडिओ हवेत २,४०० ने सोडतो, तिथे ८ बिट धरा, सेकंदाला ३०० बाइट, प्रत्यक्षात त्याहून कमी. लॉगरनेट मोठं टेबल मागतं तेव्हा लॉगर समजा १,००० बाइटचं पुडकं एकदम ओततो. ते ओतायला १ सेकंदाहून जरासा जास्त वेळ. तेवढ्यात रेडिओने बाहेर सोडले साधारण ३१० बाइट. उरले ६९०. तुमच्या रेडिओचा बफर किती?

कोयनाकाठ

५१२.

दूरदेशी

म्हणजे १७०-१८० बाइट जमिनीवर सांडले. पुडकं अर्धवट पोचतं, तपासणीत नापास होतं, लॉगरनेट परत मागतं, परत सांडतं. घड्याळाचा निरोप काही डझन बाइटांचा, तो कधी सांडत नाही.

तीन उपाय आहेत. पहिला, हार्डवेअर फ्लो कंट्रोल: हौद भरत आला की रेडिओने सीटीएसने 'थांब' म्हणायचं. त्यासाठी केबलमध्ये ७ आणि ८ ची फुलीही हवी आणि लॉगरच्या पोर्टवर हँडशेक चालू हवा. तुमची केबल तीन तारांची असेल तर वर जाऊन बदलावी लागेल. दुसरा, दोन्ही टोकांना पोर्टचाच बॉड २,४०० करा, पण लॉगरचा पोर्ट दुरून बदलताना चूक झाली तर लाँच आहेच. तिसरा, घरबसल्या: लॉगरनेटमध्ये त्या लॉगरच्या नोंदीत पुडक्याचा कमाल आकार असतो, तो ४०० करा. ४०० बाइट ०.४२ सेकंदात येतात, तेवढ्यात १२५ निघून जातात, उरतात २७५. हौदात मावतात. सोबत उत्तराची वाट बघायचा जादा वेळ ४-५ सेकंद वाढवा.

मी तिसऱ्याने सुरुवात करीन.

सोल्डरगन

+१. आणि पुढल्या खेपेला वर पूर्ण तारांची केबल नेऊन ठेवाच.

कोयनाकाठ

४०० केलं. वाट बघायचा वेळ ५ सेकंद. चहा घेऊन परत येईपर्यंत नऊ दिवसांचं टेबल उतरलं होतं, एकदाही न तुटता. दूरदेशी, तुम्ही भारतात याल तेव्हा आमच्याकडे उतरायचं. हिने पेढा खाल्ला या वेळी.

बारा_व्होल्ट

काका, अभिनंदन. आता विघ्नसंतोषी बोलते. वळिवाचे दिवस आहेत, अर्थिंगचं काय केलंत?

कोयनाकाठ

अँटेनाच्या केबलला लाइटनिंग अरेस्टर आहे, त्याची सळई मास्टच्या बुंध्याशी. लॉगरच्या पेटीला वेगळी सळई, चार मीटरवर. पुस्तिकेत दोन्हींना अर्थ द्या म्हटलंय, दिला.

बारा_व्होल्ट

हेच भय होतं. दोन सळया वेगळ्या आणि एकमेकींना न जोडलेल्या. जवळपास वीज पडली की जमिनीतच त्या दोन बिंदूंत क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो. मग प्रवाह वाट शोधतो: मास्टची सळई, अरेस्टर, केबलचं कवच, रेडिओचं धड, तिथून सिरीयल केबलची पिन ५, लॉगरचा पोर्ट, लॉगरची सळई. तुमच्या त्या लाडक्या तीन तारांतून. सीआर १००० च्या आरएस-२३२ पोर्टवर कंपनीने स्वतःच 'आयसोलेटेड नाही' असं छापलंय, ते उगाच नाही.

आमच्या एका केंद्रावर अगदी असंच झालं. अँटेना शाबूत, अरेस्टर शाबूत, सोलर शाबूत. लॉगरचा आणि रेडिओचा फक्त सिरीयल पोर्ट गेला. लॉगर आत पाऊस मोजत राहिला होता, सांगायला तोंड उरलं नव्हतं. मेमरी वाचवायला दुसऱ्या पोर्टने डेटा काढला.

दोन्ही सळया जाड तांब्याच्या पट्टीने किंवा तारेने एकमेकींना जोडा, शक्य तितकी आखूड आणि सरळ, वळसे न घेता. बरं तर लॉगर आणि रेडिओ एकाच पेटीत, एकाच पट्टीवर अर्थ. लॉगर आणि रेडिओच्या मध्ये ऑप्टो-आयसोलेटर टाकता आला तर उत्तम, पण त्यालाही वीज लागते, ती कुठून देता ते बघा. दोन्ही बाजूंना एकाच बॅटरीची ऋण तार दिली तर आयसोलेशन कागदावरच राहतं.

कोयनाकाठ

रविवारी जातो. पट्टी पोरं खांद्यावर नेतील, त्यांच्या पापाचं प्रायश्चित्त.

सोल्डरगन

जाताय तर वीजेचाही हिशेब करून जा. तिकडे जुलैत आठ-आठ दिवस ऊन नसतं. रेडिओ ऐकत राहायला किती घेतो?

कोयनाकाठ

३० मिलिअँप. दिवसाचे ०.७२ अँपिअर-तास. लॉगर त्यापुढे काहीच घेत नाही.

सोल्डरगन

रेडिओची १२ व्होल्टची तार लॉगरच्या एसडब्ल्यू-१२ टर्मिनलवर घ्या, ते प्रोग्रॅममधून चालू-बंद होतं. दर तासाला पहिली १० मिनिटं रेडिओ चालू. खर्च ०.१२ वर येईल. लॉगरनेटला त्याच वेळी हाक मारायला लावा. फक्त प्रोग्रॅममध्ये अट घाला की लॉगरचं घड्याळ चुकलं तरी दिवसातून एकदा रेडिओ तासभर उघडा राहील, नाहीतर तुम्ही खाली हाका मारत बसाल आणि तो वर नेमका तेव्हा झोपलेला.

अभ्यासू_कार्टी

एक शंका. घरच्या लॅपटॉपला सिरीयल पोर्ट नसणार, यूएसबी कनव्हर्टर असेल. आमच्या लॅबमध्ये रोज कॉम पोर्टचा नंबर बदलतो.

पाणीमोजणी

कनव्हर्टर दुसऱ्या यूएसबी भोकात लावला की विंडोज त्याला नवा समजतं, नंबर बदलतो. भोकावर पट्टी चिकटवा आणि तिथेच लावा. लिनक्सवर टीटीवाययूएसबी० च्या भरवशावर राहू नका, 'बाय-आयडी' नावाच्या फोल्डरातलं कायमचं नाव वापरा. पण स्वस्तातल्या चिपांना स्वतःचा अनुक्रमांक नसतो, दोन सारखे कनव्हर्टर असतील तर तिथेही गोंधळ. मग 'बाय-पाथ', म्हणजे परत भोकावर पट्टी.

कोयनाकाठ

रविवारी गेलो, पट्टी जोडली, पूर्ण तारांची केबल पेटीत ठेवून आलो, प्रोग्रॅम बदलला. उतरताना वळिवाने गाठलं, लाँच तासभर काठाला बांधून ठेवावी लागली. घरी आलो तर लॅपटॉपवर त्या सरीची नोंद आलेली होती: ४० मिनिटांत १८.६ मिमी. आम्ही भिजलो तीच.

आता पोरं म्हणतायत पलीकडच्या सोंडेवर दुसरा मापक बसवू, त्याच घरच्या रेडिओवर. चालेल?

दूरदेशी

चालेल. पण दोन्ही लॉगरचा पाकबस पत्ता (पाकबस ही त्यांची आपसांतली भाषा) जन्मतः १ असतो. दुसऱ्याचा टेबलावर असतानाच बदला, ४०९४ सोडून काहीही, तो सहसा लॉगरनेटचा असतो. आणि दोन्ही रेडिओ एकाच दहा मिनिटांत उघडू नका.

बाकी नवा धागा काढा, हा फार लांबला.

कोयनाकाठ

काढतो. आधी जोडतुकडे तपासतो.